मागवलेला बर्फ

वैशाख लागला होता, तरी यांगचेन नेगी काठीने सफरचंदाच्या फांद्यांवरचा बर्फ झटकत होती. बर्फासोबत करपलेली फुलंही खाली पडत होती. सांगला खोऱ्यात या दिवसांत असा बर्फ कधी पडत नसे. हा मागवलेला होता. वरच्या कुरणातल्या हॉटेलात लग्न होतं आणि नवरा-नवरीला बर्फात सप्तपदी चालायची हौस होती. हॉटेलच्या यंत्रांनी ढग ओढून आणले, पण ढगांना कुरणाची हद्द कोण सांगणार? रात्रभर साऱ्या खोऱ्यावर बर्फ कोसळला.

दुपारी हॉटेलचा मॅनेजर गुडघाभर बर्फ तुडवत तिच्या बागेत आला.

"दीदी, रस्ता बंद झालाय. नवरीच्या आजोबांना धाप लागलीय. तुमचा ट्रॅक्टर हवाय."

यांगचेनने काठी त्याच्या छातीवर रोखली. "चार फोटोंसाठी माझी बाग जाळलीत, आणि वर ट्रॅक्टर मागतोस?"

शिव्या घालतच तिने ट्रॅक्टर काढला, वर नेला आणि म्हाताऱ्याला घोंगडीत गुंडाळून ट्रॉलीत निजवलं. नवरी त्याच्या उशाशी बसली. तोच पाहुणे बॅगा घेऊन चढू लागले.

"उतरा खाली!" ती कडाडली.

"मग आम्ही जायचं कसं?" नवरदेवाने विचारलं.

"बर्फ मागवलात ना? आता ऊन मागवा!"

तिने ट्रॅक्टर खाली दवाखान्याकडे दामटला. मागे नवरी रडत माफी मागत होती. यांगचेनने वळून पाहिलं नाही. उताराच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या बागा पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या, आणि त्यांत जिवंत फूल एकही उरलं नव्हतं.