वेगळं ताट

"तोंड तिकडे करून खोका, अक्का," चारुलता म्हणाली.

पिंप्राळ्यातल्या गच्चीवर सकाळपासून बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, काम चाललं होतं. तीन विटांच्या चुलीवर ज्वारीचा घाटा रटरटत होता आणि खाटेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर चारुलता एकेक बिबडी थापत होती. आधी सांधेवातानं तिची बोटं मुठीत अडकली होती. स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती. इंजेक्शनं सुरू झाली आणि हात उघडले. आज ती हावरटासारखी थापत होती.

तिच्या थोरल्या जाऊबाई, कुंदाबाई, तोंडाला पदर न लावता पुन्हा खोकल्या. मुद्दाम, असं चारुलताला वाटलं. आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

"थुंकी तपासून घ्या म्हणून किती वेळा सांगू?"

"माले टीबी शे म्हनस का तू? बठ्ठी गल्लीसमोर?"

ही सगळी गल्ली म्हणजे शेजारच्या तानुबाई आणि बेबाबाई. दोघींचे हात थांबले, कान मात्र जोरात कामाला लागले.

कुंदाबाईंची मुलगी नूतन घाटा ढवळत होती. ती बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होती, आणि सावद्याच्या केळीवाल्यांच्या घरी तिचं लग्न ठरलं होतं. ती म्हणाली, "आई, काकू उगाच नाही घाबरत. आपल्या रक्तात टीएनएफ नावाचं प्रथिन असतं. तीन सारखे तुकडे एकमेकांना टेकून उभे, ह्या विटांसारखे. तिन्ही एकत्र असले की पेशीवर नेमके बसतात आणि हाक देतात, शत्रू आला, घेरा. टीबीचे जंतू त्या घेऱ्यातच कोंडून पडतात. काकूंच्या अंगात ही हाक कारण नसताना चालूच राहिली, म्हणून सांधे सुजले. इंजेक्शन त्या प्रथिनालाच धरून ठेवतं. हात सुटले, पण जंतू आला तर घेरायला कोणी नाही."

"मंग तिले इंजेक्शन बंद कराले सांग. मी कसाले थुंकी देऊ?"

एवढं बोलून कुंदाबाईंनी शेजारणींना दुसरी खाट आणायला खाली पिटाळलं, नूतनला तेलाच्या डब्यासाठी. जिन्यावरची पावलं विरली तशा त्या चारुलताच्या कानाशी वाकल्या.

"तपासेल शे. निघना बी. परवापासून गोळ्या घेस मी. नूतननं लगीन व्हई जाऊ दे. तोवर तोंड उघाडं तं याद राख."

म्हणजे थुंकी तपासून झाली होती, आणि टीबी निघालाही होता. चारुलताला आधी राग आलाच नाही, नुसती भीती वाटली. उकाडा सुरू झाल्यापासून दोघी एकाच खोलीत, एकाच कूलरसमोर निजत होत्या. मग राग आला, आणि असा आला की हाताखालची बिबडी फाटली.

बायका वर आल्या. बिबड्यांच्या दिवशी पहिला गरम घाटा, वर कच्चं तेल घालून, सगळ्यांनी एकाच ताटात खायचा, अशी ह्या घराची रीत होती. कुंदाबाईंनी मोठं ताट भरलं आणि एक छोटं ताट बाजूला सरकवलं.

"इनं ताट येगळं. इनं रक्त नाजूक शे."

तानुबाई पदर आवरून चारुलतापासून जरा लांब सरकल्या.

"अक्कांना टीबी आहे," चारुलता म्हणाली. आवाज चढवायची तिला गरजच वाटली नाही. "मला झाला तर मी वाचेन की नाही, सांगता येत नाही. हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरी त्या माझ्या तोंडावर खोकतात."

"खोटारडी! मनी पोरनं लगीन देखवत नही इले!"

ओरडल्यानंच कुंदाबाईंना उबळ आली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या. चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी त्या मान खाली घालून घाट्यात तेल कालवत राहिल्या.

नूतन त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला.

"खोकून घे, आई," ती म्हणाली. "सावद्याला मी सांगते."