दोर द्राबोच्या हातात

"वर ये, कुत्र्याचं मुंडकं खाणाऱ्या, वर ये! माती सुटतेय!"

खालून हसू आलं. विहीर इतकी खोल गेली होती, की हसू वर पोचेपर्यंत शिळं होत होतं.

"मुंडकं तू खाल्लंस, मला शेपूट ठेवलंस," तिंगा तळातून ओरडला. "दोर सांभाळ, गुलामा. ओली वाळू लागलीय."

वर दोर धरून द्राबो उभा होता. तिंगा मोसी, द्राबो सामो. या दोन जातींची माणसं भेटली की आधी एकमेकांच्या पिढ्यांचा उद्धार करतात, मग ख्यालीखुशाली विचारतात, आणि रागवायची किंवा अदबीनं बोलायची कुणाला मुभा नाही. या दोघांच्या शिव्या ऐकायला तर शेजारच्या गावची गाढवं दावं तोडून यायची. विहीर खणताना दोर मुद्दाम अशाच चेष्टेच्या नात्यातल्या माणसाच्या हाती देतात. तो दगा देणार नाही, अशी वाडवडिलांची आण आहे. ती आण घेतली तेव्हा माती मात्र हजर नव्हती.

उपसलेल्या मातीचा ढीग विहिरीच्या तोंडाशीच पडला होता. लांब नेऊन टाकायचा दोघांनीही कंटाळा केला. आतून लाकडांचा आधार द्यायचा, तो पाणी लागल्यावर देऊ म्हणाले. आता ढिगाच्या पायाशी जमिनीत केसाएवढी भेग दिसली होती. द्राबो बघत होता, आणि ती बोटाएवढी झाली.

"तिंगा, खरंच सांगतो रे! ढीग आत येतोय!"

"काल साप म्हणालास. वर आलो. कुठं होता साप?"

"ती चेष्टा होती!"

"परवा म्हणालास, माझी बायको पळाली. वर आलो तर बाई ज्वारी कांडत बसलेली. आज ढीग. उद्या आभाळ पडेल म्हणशील."

द्राबोनं दोर ओढला. हलकाच आला. तिंगानं तो कमरेचा सोडून बादलीला बांधला होता. बादलीत ओली वाळू होती, गार. द्राबोनं ती ओतून बादली पुन्हा खाली सोडली.

"दोर कमरेला बांध! आईची शपथ!"

"तुझी आई माझ्या आजोबांनी एका कोंबडीला विकली. तिची कसली शपथ?" तळातून पुन्हा फावड्याचा आवाज सुरू झाला.

तेवढ्यात पोको जेवण घेऊन आली. विहीर तिच्याच अंगणासाठी खणत होते. द्राबोच्या गालांवरून पाणी वाहताना बघून तिनं डोक्यावरचं भांडं सावरलं आणि खदखदून हसली.

"अगं बाई! आज तर रडूनही दाखवतोय. सामोंना नाटक शिकवावं लागत नाही."

"पोको, तू तरी हाक मार. तुझं ऐकेल. भेग बघ ती!"

"तिंगा," पोको हसत हसतच ओरडली, "तुझा गुलाम म्हणतो वर ये."

"तुलाही फितवलं का त्यानं? किती दारू कबूल केली?"

ढिगावरून एक ढेकूळ घरंगळलं आणि विहिरीत गेलं. खालून शिवी आली. "दगड मारतोस होय रे, कुत्रेखाऊ!"

द्राबो ओरडला, पाय आपटले, छाती बडवली. तो जितका कळवळत होता, तितकं तळातलं हसू वाढत होतं. खाली उतरावं, तर दोर धरायला कोण? भेगेत आता हात गेला असता.

मग तो थांबला.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. गावच्या मुखियासमोर बसतात तसा तो विहिरीच्या काठावर गुडघ्यांवर बसला, कोपरं जमिनीला टेकवली, आणि आवाज अगदी खाली आणून बोलला.

"अहो तिंगा. आपण वर यावं. मी आपल्या पाया पडतो. आपल्या मुलांकडे बघून तरी दोर कमरेला बांधून घ्यावा."

पोकोचं हसू तोंडातच राहिलं. तिनं भांडं खाली ठेवलं.

फावड्याचा आवाज बंद झाला.

"द्राबो?" खालून तिंगाचा आवाज आला. एवढुसा. "काय म्हणालास?"

"आपण यावं," द्राबो म्हणाला. "कृपा करून यावं."

दोराला हिसका बसला. द्राबोनं पाय रोवले, पोकोनं मागून दोर धरला. दोघांचे तळवे सोलून निघाले. वाळू सळसळत आत जात होती, आणि दोर इंचाइंचानं वर येत होता. तिंगाची बोटं काठावर दिसली, मग डोकं. द्राबोनं त्याच्या काखांत हात घालून त्याला मागं ओढलं, आणि तिघं एकमेकांवर कोसळले.

ढीग गेला. विहिरीचं तोंड गेलं. पोकोचं भांडंही गेलं. जमिनीनं घास गिळावा, तसा आवाज झाला. मग जिथं विहीर होती, तिथं नुसता एक उथळ खळगा राहिला. त्याच्यावर धूळ उभी होती.

तिंगानं खळग्याकडे बघितलं. तोंडातली वाळू थुंकली. मग वळून त्यानं द्राबोचा सदरा दोन्ही हातांनी धरला.

"शिवी दे."

तिंगानं त्याला गदागदा हलवलं.

"दे ना रे. कुत्रेखाऊ म्हण. माझ्या बापाला काढ. काहीतरी म्हण!"

द्राबोनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"आपण," तो म्हणाला, "आपण बरे आहात ना?"

आणि तिंगानं, आपल्याच मरणाची बातमी कानी आल्यासारखा, हंबरडा फोडला.