आवाजाभोवतीची रेघ

या, असे पुढे सरकून बसा, सतरंजी मोकळी आहे. एका कीर्तनकार बाईंच्या गळ्याची गोष्ट सांगते. मन लावून ऐका.

गुडगावच्या एका इस्पितळात वृंदाच्या टेबलावर अलकनंदाबाईंची फाईल पुन्हा परत आली होती. किरणोपचारांच्या बिलांना कोड लावणं हे वृंदाचं काम. स्कॅनवर डॉक्टर गाठीभोवती रेघ आखतात आणि किरण त्या रेघेच्या आत देतात. त्या आखणीला एक कोड. पण पहिल्या स्कॅनच्या वेळी बाईंचा गळा हलला, चित्र पुसट आलं, आणि सावधगिरी म्हणून रेघ रुंद घ्यावी लागली. स्वरयंत्र रेघेच्या आत आलं.

नव्यानं आखणी केली तर आवाज वाचणार होता. पण एकाच आजारात तोच कोड दुसऱ्यांदा मंजूर होईना. विमा कंपनीच्या मंजुरी कक्षातले मल्होत्रा फोनवर शांतपणे म्हणाले, "पेशंट हिला, ये कोई वजह है? दुबारा नहीं हिलेगा, इसकी गारंटी?"

समोर बाईंचे यजमान शशिकांतराव बसले होते. रोज मुनिरक्याहून यायचे आणि मंजुरी मिळेपर्यंत हलायचे नाहीत. तुम्हीच एकदा बोलून बघा, असं म्हणत वृंदानं फोन त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी हात झटकला.

"मंत्रालयात जन्मभर फोनच घेतले गं. तू बोल, मी समोर बसून केविलवाणा चेहरा करतो. आणि तोंडावरची ती पट्टी काढ आधी. माणसाशी बोलतेयस, जंतूंशी नाही."

वृंदा हसली. तिला कीर्तनाची भारी ओढ. बाईंचं एकही कीर्तन ती चुकवत नसे. शशिकांतरावही चुकवत नसत. पहिल्या रांगेत बसून बायकोच्या चेहऱ्यावरची नजर हलवायचे नाहीत. बायका त्यांना चिडवायच्या, की लग्न कालच लागलंय वाटतं.

गळा का हलला हे कळल्याशिवाय वृंदाला कारण लिहिता येईना. गिळत असतील, असं डॉक्टरांना वाटत होतं, आणि गिळणं थांबवता येत नाही. शेवटी त्यांनी बाईंना डोकं स्थिर ठेवणारा जाळीचा मुखवटा चढवून नुसतंच झोपवून पाहिलं. काचेबाहेर सगळे उभे राहिले. माइक चालू होता, त्यातून एक अक्षर आलं नाही. गळा मात्र हलत होता.

शशिकांतरावांनी काचेवर बोट ठेवलं. "गिळत नाहीये. नाम घेतेय ती. हे बघा, रामकृष्णहरी, मग श्वास. परत रामकृष्णहरी."

बाईंना विचारलं, तेव्हा त्या लाजल्या. "डोळे मिटले की आपोआप सुरू होतं हो. मनातच म्हणते, पण गळ्याला कुठे कळतंय?"

तेवढा वेळ नाम थांबवाल का, असं डॉक्टरांनी हळूच विचारलं. बाईंनी थोडा विचार केला.

"थांबवते. देवाला सांगते, एवढा वेळ तू माझं नाव घे."

पुन्हा मुखवटा चढवला. गळा शांत राहिला.

वृंदानं सगळं जसंच्या तसं लिहिलं, खाली डॉक्टरांची सही घेतली. मल्होत्रांनी दोनदा वाचून घेतलं. अच्छा, रामनाम भी क्लिनिकल वजह हो गया, असं म्हणत त्यांनी मंजुरी दिली. नवी रेघ स्वरयंत्राच्या अलीकडेच वळली.

उपचार संपले, हिवाळा सरला. पहाडगंजच्या मराठी शाळेच्या सभागृहात अलकनंदाबाई पुन्हा कीर्तनाला उभ्या राहिल्या. पहिला सूर जरा घोगरा लागला, मग मोकळा होत होत थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचला. लोकांनी डोळे पुसले. वृंदा पुढच्या रांगेमागे बसली होती. तिनं वाकून विचारलं, "काका, आवाज अगदी पहिल्यासारखाच लागलाय ना?"

शशिकांतराव समोर बघत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. तरी काही नाही. तल्लीन झालेत, तिला वाटलं.

कीर्तन संपल्यावर तिनं हे हसत हसत बाईंना सांगितलं. बाई कोमट पाण्याचा घोट घेत म्हणाल्या, "अगं, त्यांच्या समोर येऊन बोलायचं."

तर मंडळी, आरतीला हात जोडाल तेव्हा शशिकांतरावांची आठवण ठेवा. बायकोच्या आवाजासाठी ते काचेशी उभे होते, तेव्हा त्यांचे दोन्ही कान जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.