निळ्या लुगड्याच्या घड्या

वच्छलाची चोळी पुन्हा भिजली. रडलं होतं शेजारच्या क्वार्टरातलं पोर, आणि पान्हा फुटला हिला! हिचं स्वतःचं बाळ आपलं कुशीत गाढ झोपलेलं. दारात नवरा टिकाराम कारखान्याच्या भट्टीवरच्या सोबत्याशी बोलत उभा, म्हणून बिचारी दोन्ही हातांनी पदर छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली. दूध आलं याचा आनंद होताच. पण ते असं वाहायला लागलं तर आवरायचं कसं, हे सांगायला माय जवळ नव्हती.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. आमगावकडच्या खेड्यात मायनं बाज कसून ठेवली होती. पण पोराला कोण घाई! ते महिनाभर आधीच भिलाईत, पोलाद कारखान्याच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरात येऊन टपकलं. सासू नव्हती. तिकडे धानाची कापणी ऐन भरात, मायला रोजाचं काम सोडून निघता येईना.

टिकारामला बायकोचे हाल बघवेनात. त्यानं कारखान्यातून मशीन पुसायच्या पांढऱ्या सुताचा गुंताळा आणला आणि मोठ्या ऐटीत पुढे केला.

“तेल कसं चटकन पिते हे! मंग दूध नाही पिनार का?”

“अगा बाप्पा!” शेजारच्या तुळसाबाईनं कपाळाला हात लावला. “बायको हाये का इंजन हाये तुही?”

वच्छला कितीतरी दिवसांनी हसली. हसता हसता रडायलाच लागली.

तुळसाबाईनं मग तिला समजावून सांगितलं. “जुनं लुगडं पायजे पोरी. धुऊधुऊ मऊ झालेलं. नवं कापड टोचते, अन् दूध पीतबी नाही. चार पदर घेऊन गोल कापाचे, कडेनं टाका माराचा, अन् त्या घड्या चोळीत ठेवाच्या. ओल्या झाल्या घड्या का धुवाच्या, उकळाच्या. फक्त वाळवाच्या घरातच. बाहेर दोरीवर टाकशीन तं कारखान्याची लाल धूळ बसन.”

वच्छलाची सगळी लुगडी लग्नातली, करकरीत. तुळसाबाईनं स्वतःचं जुनं हिरवं आणून दिलं. मऊ होतं, चांगलं होतं. वच्छलानं त्यावरून हात फिरवला आणि परत केलं.

“मले मायचं निळं पायजे.”

“कापडात का फरक पडते वो?”

“पडते.”

जत्रेला मायच्या अंगावर तेच निळं, लग्नाला तेच, पाहुणपणालाही तेच. वच्छला लहानपणी त्या पदराखाली शिरून झोपायची, मग जत्रेत कितीही गलका असो. आता स्वतः आई झाल्यावर तिला पुन्हा तोच पदर हवा होता. हट्ट म्हणा हवं तर. ओल्या बाळंतिणीनं हट्ट नाही करायचा तर कुणी करायचा?

गावचे देवराव मामा पॅसेंजरगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होते. गोंदियापासून आमगाववरून भिलाईशेजारच्या दुर्गपर्यंत त्यांची ये-जा, म्हणून माहेरचे निरोप त्यांच्याकडूनच जायचे. वच्छलानं त्यांना सांगितलं, “मायले म्हना, बारशाले ये म्हना. अन् त्याच्या आधी तुह्यं निळं लुगडं पाठवून दे म्हना.”

लुगडं लगेच आलं. अख्खंच्या अख्खं, स्वच्छ धुतलेलं. “बारशाले येते म्हने माय,” मामांनी सांगितलं. तुळसाबाईनं कात्री चालवली, वच्छलानं टाके घातले. पहिली घडी चोळीत ठेवली आणि ती डोळे मिटून बसली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! धुऊनही चुलीच्या धुराचा वास गेला नव्हता. आता फक्त माय यायची राहिली होती.

बारशाचा दिवस उजाडला. टिकारामचे काका-काकू आले, भट्टीवरचे सोबती आले, बाया पाळण्याभोवती जमल्या. वच्छलाचं सगळं लक्ष दाराकडे. शेवटी देवराव मामा आले. एकटेच. हातात लाडवांचा डबा.

वच्छलाचा बांध फुटला. “नाहीच आली ना? लेकीपेक्षा तिले कापनी मोठी झाली! मी इथं रोज वाट पाहून राहिली, अन् ती खुशाल लाडू पाठवून देते!”

“तसं नको बोलू पोरी. ठेसनापर्यंत आली होती ते.”

“मंग गाडीत बसली कावून नाही?”

मामांना बोलायचं नव्हतं. पण पोर मायवर नाहक संतापलेली त्यांना पाहवेना.

“अंगावर कापनीतलं ठिगळाचं लुगडं होतं वो. म्हने, असं नेसून गेली तं चार लोकांत जावयाले खाली पाहा लागन. चांगलं एकच होतं, ते लेकीच्या कामी आलं. हासत होती सांगताना.”

वच्छलानं पदराआडून चोळीतली घडी चाचपली. आपण निळं मागितलं तेव्हा माय काय नेसून येईल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. बाळ पाळण्यात कुरकुरत होतं.

मग तिनं डोळे पुसले आणि ती मामांकडे वळली.

“मामा, तुमची गाडी परत केव्हा निंगते?”

“सांजच्याले. कावून?”

तिनं बाळाला पाळण्यातून उचललं. तुळसाबाई ओरडली, “अवो, येडी झाली का? पाळना सजला, बाया जमल्या, अन् पोराचं नावच ठेवाचं राहिलं!”

टिकारामनं एकदा बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्यानं फळीवरची ट्रंक खाली काढली.

“नाव मायच्या आंगनात ठेवू,” बाळाला दुपट्यात गुंडाळत वच्छला म्हणाली. “तिच्या घरी तिले कोनाची लाज हाये?”