सासऱ्यांची बदामी गाडी

गाडीने दोन आचके दिले, एक लांब सुस्कारा सोडला आणि चढाच्या ऐन मध्यावर ती उभी राहिली.

जावयाने ब्रेक दाबून धरला. लग्नाला आठ महिने झाले होते आणि सासऱ्यांनी पहिल्यांदाच त्याच्यावर काही सोपवलं होतं. तेही ही बदामी गाडी. पन्नास वर्षांची, गोल दिव्यांची, एरवी कायम खोळीखाली झाकलेली. त्याने ती आजवर दोनदाच पाहिली होती, तीही लांबून. काल जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती दिवसभर मिरवली आणि संध्याकाळी सासऱ्यांच्या कमरेत अशी उसण भरली की ते दुसऱ्याच्या गाडीत आडवे पडून घरी आले. मैदान तर आज दुपारच्या आत रिकामं करायचं होतं.

"फाटकातून आत गेलात की उजव्या हाताला शेवटची," सासऱ्यांनी पलंगावरून बजावलं होतं. "किल्ली आतच आहे. तिसरा गिअर अडतो, त्याला जरा गोंजारावं लागतं. टाकी कालच भरलीय. काट्याकडे बघूच नका, तो केव्हाच मेलाय. कायम शून्यावर."

पुढचं फाटक ट्रेलरनी अडवलेलं, म्हणून तो मागच्या फाटकातून शिरला. डुलक्या काढणाऱ्या पहारेकऱ्याने नुसताच हात हलवला. तिसरा गिअर तर लोण्यात सुरी शिरावी तसा पडला. आपल्या हातालाच गुण आहे म्हणायचा, असं वाटून जावई सुखावलाही होता. आणि आता हे!

त्याने बॉनेट उघडलं. पेशाने तो चष्मेवाला. लोकांचे नंबर काढणं वेगळं, इंजिनात डोकं घालणं वेगळं.

"आधी चाकाला दगड लावा! मग बघा काय बघायचं ते."

स्कूटर थांबवून एक बाई उतरल्या होत्या. शाळेतल्या असाव्यात; आवाजच तसा होता. दगडही त्यांनीच शोधून आणले आणि मग हातातली लाल फाइल उंच धरून त्या रस्त्यात उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्या गाड्या पोरांसारख्या निमूट बाजूने जाऊ लागल्या.

तेवढ्यात एक ट्रक थांबला. ट्रकवाला खाली उतरला, इंजिनाकडे बघून त्याने हात जोडले. "माझ्या वडिलांनी जन्मभर अशीच गाडी चालवली. मालकाची. मला कधी हात लावू दिला नाही."

"मला तरी कुठे लावू देत होते," जावई म्हणाला.

ट्रकवाल्याने बाह्या सरसावल्या. "अवजारं द्या."

डिकीत अवजारांची पेटी नव्हती, नुसती एक घोंगडी आणि छत्री. "विसरले असतील बाबा," जावई पुटपुटला. ट्रकवाल्याने स्वतःची पेटी आणली. प्लग काढले, पुसले, बसवले, कार्बोरेटर फुंकला.

"पेट्रोल?"

"फुल्ल. सासऱ्यांनी कालच भरलंय."

"काटा शून्यावर आहे."

"तो मेलेला आहे. सासरे म्हणाले."

"मग त्यांनाच लावा ना फोन!"

"नको!" जावई एवढ्या जोरात ओरडला की बाईंनी वळून पाहिलं.

रस्त्याच्या कडेला रोपवाटिका होती. तिथल्या आजी मघापासून कमरेवर हात ठेवून हा खेळ बघत होत्या. पाण्याची कळशी आणि तीन पेले घेऊन त्या आल्या. सगळ्यांना पाणी पाजलं. मग रोपाला आधार द्यायची एक बारीक काठी उचलून त्यांनी जावयाच्या हातात दिली.

"घाला टाकीत."

"आजी, पण सासरे..."

"काटा खोटं बोलेल, सासरा खोटं बोलेल. काठीला कुणाची भीड नाही."

काठी आत गेली तशीच बाहेर आली. कोरडी ठणठणीत.

मग ट्रकवाला हसत सुटला, बाई फाइल तोंडावर धरून हसल्या आणि जावईही गाडीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ट्रकवाल्याचा कॅन घेऊन बाई स्कूटरवरून गेल्या आणि पेट्रोल घेऊन आल्या. किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरलं. ट्रकवाल्याने बॉनेटवर थाप मारली. "पाच मिनिटं का होईना, हात लागला!" त्याचा चेहरा काळा आणि हसरा झाला होता. आजींनी मोगऱ्याचं रोप मागच्या सीटवर ठेवलं. "सासरी रिकाम्या हाताने जाऊ नये."

"मी तुमचा कोण लागतो हो?" जावई हात जोडत म्हणाला.

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "चला, निघा. माझा तास बुडाला."

उरलेली वाट कशी सरली ते त्याला कळलंच नाही. खिडकीतून वारा येत होता आणि त्याला सासऱ्यांबद्दल नवाच जिव्हाळा वाटत होता. आठ महिने ज्यांच्यापुढे जीभ टाळूला चिकटायची, ते बाबासुद्धा विसरतात! टाकी भरायची विसरतात, अवजारं विसरतात. वय झालं आता. आपण नाही सांभाळायचं तर कुणी? पेट्रोलचं त्यांना कधी कळू द्यायचं नाही, त्याने ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घराच्या कोपऱ्यावर त्याने झोकात भोंगा वाजवला. बायको खिडकीत आली. सासरे कमरेला पट्टा बांधून फाटकापर्यंत आले होते.

तो उतरला आणि दार उघडं धरून अदबीने बाजूला उभा राहिला.

सासरे गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. बॉनेटवरून त्यांनी हळुवार हात फिरवला. वाकून आत पाहिलं, मागच्या सीटवरचं रोप पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. इतक्या मायेने त्यांनी त्याच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

"देखणी आहे हो, जावईबापू," ते म्हणाले. "कुणाची?"