गुरुवारची गुंडाळी

"अजून नाही झालं," झेनॉनने सांगितलं आणि खोटं बोलताना नेहमी करायचा तसा चष्मा पुसायला घेतला.

काम होऊन तीन महिने उलटले होते.

मिसेस माझुरेकनी बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर झटकला, कोट खुंटीला लावला आणि खसखशीच्या केकचा डबा टेबलावर ठेवला. "होऊ दे सावकाश. भावाला जाऊन साठ वर्षं झाली, त्याला कसली घाई?"

अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या पोलिश वस्तीत झेनॉनने चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावले. आता गुडघे संपावर गेले, तेव्हा मागच्या खोलीत बसून तो जुन्या गुंडाळ्या बोलत्या करायचा. पूर्वी आपोआप वाजणारे पियानो असत. वादक कारखान्यात येऊन वाजवायचा, त्याचं वाजवणं कागदाच्या गुंडाळीवर भोकांच्या रूपात उतरायचं, आणि ती गुंडाळी चढवली की घरोघरचे पियानो तेच वाजवायचे. ते पियानो केव्हाच भंगारात गेले. झेनॉन गुंडाळी स्कॅन करायचा, आणि ज्याला ना तार ना लाकूड असा कॉम्प्युटरमधला पियानो ती भोकं वाचून वाजवायचा. मेलेल्या माणसाची बोटं पुन्हा चालू लागायची.

ऑक्टोबरात मिसेस माझुरेक अशीच एक गुंडाळी घेऊन आल्या. खोक्यावर नाव नव्हतं. त्यांच्या लेशेकने, थोरल्या भावाने, कोरियाच्या लढाईवर जाण्याआधी नदीकाठच्या कारखान्यात एकदाच वाजवलं होतं. तो परत आला नाही. पुढे त्याच कारखान्यात त्यांनी तीस वर्षं वादकांच्या चुकलेल्या सुरांची भोकं हाताने नव्याने पाडायची नोकरी केली, पण तिथल्या गोष्टी त्या फारशा काढत नसत. कारखाना बंद पडला तेव्हा उरलासुरला कोरा कागद कामगारांनी घरी नेला. अजूनही अर्ध्या वस्तीच्या स्वयंपाकघरांत फळ्यांवर तोच पिवळा पडलेला कागद अंथरलेला असतो.

काम चार दिवसांचं होतं. झेनॉनने ते फेब्रुवारीपर्यंत ताणलं. कधी कागद ताणला गेलाय, कधी वेग जमत नाही, कधी पेडलची भोकं फाटलीत. दर गुरुवारी तो चार ओळी ऐकवायचा, त्या मान डोलवायच्या, मग कॉफी आणि केक.

त्याला लाज वाटत नव्हती असं नाही. पंचाहत्तरीची बाई भावाचं वाजवणं एकदा सलग ऐकायला आलीय, आणि आपण तिला घास घास भरवतोय! बायको, आयरीन, असती तर तिने कान पिळला असता. पण आयरीनला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा ॲरिझोनाहून रविवारी फोन करायचा आणि हवेची चौकशी करून ठेवायचा. तेवढं सोडलं तर एका गुरुवारपासून दुसऱ्या गुरुवारपर्यंत झेनॉनच्या तोंडून शब्द म्हणून निघायचा नाही. निघायची ती फक्त गुणगुण.

त्या दिवशीही कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत तो गुणगुणत होता.

"हे कुठलं हो?" मिसेस माझुरेकनी विचारलं.

"कुठलंच नाही. माझंच आपलं. आयरीन म्हणायची, तुझी धून म्हणजे छतापर्यंत न पोचलेला जिना. वर चढते आणि अर्ध्यात सुटते. जन्म गेला, पुढचं काही सुचलं नाही."

"पुन्हा म्हणा बघू."

"चेष्टा करताय काय म्हाताऱ्याची?"

"म्हणा हो! इथे कोण ऐकायला बसलंय?"

त्याने लाजत दोनदा म्हटली. त्या टेबलाच्या कडेवर बोटाने ताल धरून बसल्या. मग त्यांना खोकला आला आणि थांबेना. झेनॉन पाणी घेऊन धावला आणि तेवढ्यात त्याच्या मनात आलं, या बाईचं काही बरंवाईट झालं तर? भाऊ ऐकायचा राहूनच जाईल, आणि तो आपल्यापायी.

"बसा," तो म्हणाला. "आज सगळं ऐकवतो."

वॉल्ट्झ नाचाची धून होती, साधी, जरा अडखळणारी. मिसेस माझुरेकनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली.

"हे केव्हाच तयार होतं," झेनॉन चष्मा न पुसता म्हणाला. "मी लांबवत होतो. रागवा हवं तर."

त्या रागावल्या नाहीत. नुसत्या डब्याचं झाकण लावत राहिल्या. "म्हणजे आता गुरुवारचं काम संपलं म्हणायचं."

दारात कोट चढवता चढवता त्या थबकल्या. "माळ्यावर लेशेकची आणखी एक गुंडाळी असावी. शोधायला लागेल. चार आठवडे द्या मला."

"मी येतो की शोधायला!"

"नको, नको," त्या घाईने म्हणाल्या. "पसारा आहे नुसता."

चार गुरुवार झेनॉनने दोघांची कॉफी केली आणि एकट्याने प्यायली. माळ्यावर काही सापडायचं नाही, बाईने भिडेखातर सांगितलं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पाचव्या गुरुवारी घंटा वाजली. तसंच बिननावाचं खोकं, तसाच पिवळा कागद. मिसेस माझुरेकच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना पट्ट्या होत्या.

"हे काय?"

"बर्फ उपसताना फावडं लागलं. आज केक करायला जमलं नाही." त्या उंबऱ्याच्या आत आल्याच नाहीत. "तुम्ही ऐका सावकाश. मी पुढच्या गुरुवारी येते. यायचं ना?"

"म्हणजे काय? यायचंच!"

त्या गेल्यावर त्याने गुंडाळी अलगद उलगडली, स्कॅन केली, वेग बसवला आणि बटण दाबलं.

चार सूर वाजले आणि झेनॉनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. साठ वर्षांपूर्वी कोरियात मेलेला लेशेक झेनॉनचीच धून वाजवत होता. ती तशीच वर वर चढली, जिथे जन्मभर सुटली होती तिथे क्षणभर अडखळली, आणि पुढे गेली.