साळूबाईंचा पडदा

"सिस्टर, पडदा लावा!"

सुलक्षणाने हातातला ओला पंचा बादलीत आपटला. भोरच्या त्या लहानशा दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाला पडदा एकच, तोही मोडक्या चाकाचा. आणि साळूबाईंना तो रोज नेमका आत्ताच हवा असायचा. मायाबाईंचं अंग पुसायला घ्यावं, गाऊन सोडावा, त्यांचा डावा हात नेहमीसारखा उडून मनगटातलं कडं खाटेच्या लोखंडावर वाजावं, की शेजारच्या खाटेवरून हाक आलीच.

"आता काय करायचंय, मावशी?"

"क्यास इचरायचंत."

"केस विंचरायला पडदा?"

"लाज वाटती मला. येल्ह्याची एसटी आली, मानसं यायला लागली. दाराकडच्या अंगानं लावा."

साळूबाईंची खाट कोपऱ्यात, मग मायाबाईंची, मग दार. म्हणजे पडदा दोन्ही खाटांच्या पलीकडे ओढत न्यायचा. पायाला प्लास्टर असलेल्या म्हातारीशी भांडणार तरी किती! सुलक्षणाने तो करकरत नेला. साळूबाईंनी फणी दोनदा फिरवून उशीखाली ठेवून दिली. काल चहा प्यायला पडदा हवा होता, परवा पदर सारखा करायला. सुलक्षणाचं डोकं फिरायचंच बाकी होतं.

"जरा मायाबाईंकडं बघा," ती म्हणाली. "अर्धं अंग लुळं पडलंय, पण कसली म्हणून तक्रार नाही."

"त्या काय बोलनार? वाचाच गेलीया त्यांची," साळूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

गुरुवारी दुपारी साळूबाईंना घरी सोडलं. मुलगा गोरख पालीहून टेम्पो घेऊन आला होता.

"पडदा हितंच ऱ्हाऊ द्या, सिस्टर," साळूबाई जाता जाता म्हणाल्या.

"बरं, बरं," म्हणत सुलक्षणाने त्यांची पिशवी गोरखच्या हातात कोंबली. टेम्पो वळला तसा तिने पडदा व्हरांड्यात ढकलून दिला. सुटले एकदाची!

शुक्रवारी सकाळी तिने निवांत बादली भरून आणली. एसटीने आलेले नातेवाईक डबे घेऊन दारात उभे होते. तिने मायाबाईंचा गाऊन सोडला. कडं वाजलं. टक, टक, टक.

कोणी हाक मारली नाही.

कडं पुन्हा वाजलं, या वेळी जोरात. सुलक्षणाने मान वर केली. मायाबाईंचे भरलेले डोळे साळूबाईंच्या रिकाम्या खाटेवर खिळले होते.